डीजे व्हायचंय? मग कान घरी ठेवून या

ग्वाल्हेरात राहून डीजे व्हायचं ठरवलंत, उत्तम केलंत. युनेस्कोने २०२३ साली आपल्या गावाला संगीताच्या शहरांच्या यादीत बसवलं. ते संगीत ऐकायचं असेल तर लग्नसराईत रात्री साडेदहाला दौलतगंजातल्या कुठल्याही घरात जाऊन बसा. खिडकी उघडायची गरज नाही, तावदानं स्वतःच वाजतात.

या धंद्यात मी नऊ वर्षं काढली. कमाई म्हणाल तर एक लॅपटॉप, त्यावरची गाणी जुळवायचा एक कंट्रोलर आणि डाव्या कानात कायमची वस्तीला आलेली एक बारीक शिट्टी. ती गुणगुणून दाखवली तेव्हा मावसभाऊ म्हणाला, काळी चार आहे, अगदी सुरात आहे. तेव्हा दोन शब्द सांगायचा अधिकार माझा आहे असं समजा.

आधी नाव बदला. आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने आजवर कुणाला सुपारी मिळालेली नाही. फक्त सदानंद असाल तर 'डीजे सॅड' करू नका, लग्नात बरं दिसत नाही.

मग घरचा प्रश्न. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरात तो 'पगार किती?' असा येत नाही, 'घराणं कुठलं?' असा येतो. आमच्याकडे तर भिंतीवर तानपुरा. आजोबा माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले. भातखंड्यांनी माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८ साली काढलेलं ते. त्यामुळे सकाळचा चहा ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दूखाँ-हस्सूखाँच्या तानांशिवाय कुणाच्या घशाखाली उतरत नसे. अशा घरात दबून जायचं नाही. ठणकावून सांगायचं की आमचंही घराणं आहे. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या जमैकन पोराने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने तिकीट लावलं होतं. गाण्यातला जो तुकडा लागला की लोक उठून नाचतात, तो लांबवायला हा पोरगा एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर आलटून पालटून फिरवायचा. मी हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे मुखडा सोडत नव्हता.’’ आणि पेपर उघडला.

त्याच आजोबांची एक गोष्ट सांगतो. तुमच्या हातून तसली चूक होऊ नये म्हणून सांगतो.

सुरुवातीला मी माजघरात कंट्रोलर मांडून दोन गाणी जुळवायचा सराव करायचो. हेडफोनची एक वाटी कानावर, दुसरी मानेवर. म्हणजे एका कानात पुढचं गाणं, दुसऱ्यात बाहेर चाललेलं. चालू गाणं मिनिटाला १२४ ठोक्यांचं, येणारं १२६चं. मिनिटभरात दोन ठोक्यांची तफावत, आणि ती कानाला अशी लागते की जिन्यावरून रिकामी बादली घरंगळतेय. कंट्रोलरवरची वेगाची पट्टी हळूच सरकवून येणाऱ्याला मागे ओढायचं. शिवाय या नाचाच्या गाण्यांचं एक असतं, साधारण बत्तीस मात्रांनी गाणं कूस बदलतं. दुसरं गाणं बरोबर त्या वळणावर आत यायला हवं, नाहीतर चालत्या टमटममध्ये चढताना एक पाय रस्त्यावर राहतो. शेवटी दोन्ही गाणी बाहेर सोडली, मी घामाघूम. आजोबा आरामखुर्चीत, डोळे मिटलेले, बोट गुडघ्यावर. म्हणाले, ‘‘डावीकडचं पळतंय.’’ पट्टी केसभर खाली घेतली. ‘‘अजून.’’ घेतली. मग त्यांचं बोट आणि दोन्ही गाणी एकदम एका जागी पडली आणि ते ‘‘हं’’ म्हणाले. त्यांच्या तोंडून असा ‘‘हं’’ मी त्याआधी फक्त गवई कृष्णराव पंडितांच्या रेकॉर्डिंगला ऐकला होता.

यात माझी दोन वर्षं गेली. कंट्रोलरवर 'सिंक' नावाचं एक बटण असतं, ते हेच काम चहाचा घोट घ्यायच्या आत करतं. नऊ वर्षांत वरातीतल्या एकाही माणसाने मी कुठलं बटण दाबलं ते पाहिलेलं नाही, आणि गाण्यांचा सांधा कसा बसला म्हणून कुणी थांबलेलंही नाही. तुम्ही सरळ बटण दाबा. वाचलेल्या दोन वर्षांत व्यायाम करा, हात वर करून उभं राहायला दंड लागतात.

कारण खरं काम वरातीत आहे. गाडीवर खाली बेसचे स्पीकर, त्यावर टॉप म्हणजे बारीक आवाजाचे, त्याच्याही वर तुम्ही, आणि तुमच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर विजेच्या तारा. गाडीपुढे एक पोरगा बांबू घेऊन चालतो आणि प्रत्येक खांबापाशी तारा उचलून धरतो. पायात स्लिपर, रोजी डीजेच्या दहाव्या हिश्शाची. अख्ख्या वरातीत सगळ्यांत जास्त लक्ष त्याचं असतं. मागे जनरेटर, त्याचा धूर नेमका घोडीच्या तोंडावर. अशात नवरदेवाचा मामा गाडीवर चढतो, घामेजलेला मोबाइल तुमच्या नाकासमोर धरतो आणि ओरडतो, ‘‘भाईसाब, ये वाला!’’ ते वालं तीनदा वाजून झालेलं असतं. चौथ्यांदा लावायचं. मामाला नाही म्हटलेला डीजे पुढच्या हंगामात कुणाला दिसत नाही.

मिक्सरवर हिरवे, पिवळे आणि लाल दिवे असतात. पुस्तकात लिहिलंय, लाल लागला म्हणजे आवाजाची लाट वरून छाटली जातेय. गाणं मोठं होत नाही, फाटतं, आणि ती छाटलेली लाट टॉपमधला पडदा जाळते. पुस्तक लिहिणारा वरातीत आलेला नसावा. आपल्याकडे लाल दिवा म्हणजे यजमान खूश. साउंडवाला खालून अंगठा वर करून सांगतो, अजून दे. तुम्ही देता. पडदा जळतो. त्याचे पैसे तुमच्या हिशेबातून कापले जातात, अंगठ्याच्या नाही.

आवाजाचा नियम पाठ असावा, म्हणजे बोलताना वजन पडतं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. दोन मराठी माणसं ओट्यावर जागेचा वाद घालू लागली तरी ६० होतात, तेव्हा पंचावन्नात वरात कशी काढायची हे नियम करणाऱ्यालाच ठाऊक. आणखी एक हिशेब आहे, तो मात्र कुणाला सांगू नका. ८५ डेसिबलला कान आठ तास तग धरतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. शंभरला उरतात पंधरा मिनिटं. दौलतगंजातून महाराज बाड्याच्या चौकापर्यंत यायला वरात दीड तास घेते, मामा जोरात असला तर दोन. बाकीचा वेळ कान उधारीवर चालतो. कानात बोळे घालून वाजवणारे डीजे असतात म्हणे बाहेरगावी. इथे एकदा मी घातले तर यजमानीणबाईंनी विचारलं, ‘‘तुम्हालाच ऐकवत नाही का?’’

गळ्याची सोय गावात आहे. हजिरा भागात तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चघळली की आवाज गोड होतो, असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. कानासाठी तिथे काही लावलेलं नाही, मी जाऊन पाहिलं.

वर्षाचं वेळापत्रक पंचांगवाल्याच्या हातात. आषाढीपासून तुळशीचं लग्न लागेपर्यंत देव झोपलेले आणि तुम्हीही. मधल्या गणपतीत काय मिळेल ते. कार्तिकात एका रात्रीत तीन सुपाऱ्या. मग डिसेंबरच्या मध्याला खरमास, म्हणजे आपला धनुर्मास, संक्रांतीपर्यंत लग्नं बंद. त्या रिकाम्या महिन्यात तानसेन समारोहात लोक शाली पांघरून, गजक खात आलाप ऐकत असतात. तिथे जाऊन बसू नका, सवय बिघडते. तुम्ही ३१ डिसेंबरची पार्टी पकडा. फक्त एक ध्यानात ठेवा. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे, हॉटेलातल्या नववर्षाला नाही. परवाना काढणं हॉटेलाचं काम. पण तपासणीला कुणी आलं की मॅनेजर बोट तुमच्याकडे दाखवतो, कारण त्या खोलीत सगळ्यांत उंच जागी, दिव्यांच्या झोतात तुम्हीच उभे असता.

राहता राहिले पैसे. अर्धे आगाऊ, अर्धे कार्यक्रमानंतर, असं ठरवायची रीत आहे. कार्यक्रमानंतर म्हणजे पाठवणीनंतर. पहाटेचे पाच, मांडवात उष्ट्या पत्रावळी, मुलगी गाडीत बसलेली, तिचा बाप खांबाला धरून हुंदके देतोय. आता त्याला सांगा, काका, तेवढे बारा हजार राहिलेत. मी एकदाच सांगितलं. काका आणखी मोठ्याने रडायला लागले आणि चार बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच मुलीला पळवून नेतोय. तेवढ्यात मुलीचे थोरले काका आले. फार सज्जन माणूस. खांद्यावर हात टाकून मला बाजूला नेलं, चारचौघांत नको म्हणून अगदी हळू आवाजात माझ्या कानाशी आकडा सांगितला आणि विचारलं, ‘‘चालेल ना बेटा?’’

कान डावा होता. मी मान हलवली.