पत्रा जातो कुठे ते पण सांगा
ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ पत्रा, औषध वाहून न्यायला वापरून बघतात) आलं म्हणजे कॅन्सरवर रामबाण मिळालाच असं लेखात लिहिलंय, जरा दमानं घ्या की राव. २००८ ला स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या ग्रुपने ग्राफीन ऑक्साइडला (ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन) पीईजी या पाण्यात मिसळणाऱ्या पॉलिमरचं कोटिंग करून त्यावर पाण्यात न विरघळणारं एसएन३८ हे कॅन्सरचं औषध चढवलं, भारीच काम होतं ते, पण प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं, आणि पत्रा इतका पातळ की दोन्ही बाजूंनी औषध चिकटतं, डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध तर आम्लात जास्त सुटतं, ट्यूमरच्या आसपास तसंच असतं ना. पण नंतर तो पत्रा जातो कुठे?? उंदरांच्या फुप्फुसात, लिव्हरमध्ये साठलेला सापडलाय, साइज नि कोटिंग बदललं की रिझल्टपण बदलतो. लिपोसोमवालं डॉक्सिल (चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं डॉक्सोरुबिसिन) १९९५ पासून मंजूर आहे, त्याच्याशी तुलना एका ओळीत तरी करायची होती.