दव, हीटर आणि बंद वेधशाळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. परसातल्या वेधशाळेत दवापासून दुर्बीण कशी सांभाळावी, या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. भिंगाभोवती गुंडाळायच्या विजेच्या हीटर पट्टीमुळे दुर्बिणीच्या नळीत गरम हवा उठते आणि ग्रहांची प्रतिमा थरथरते, हा पहिला. वेधशाळा घट्ट बंद ठेवून आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवलं की हीटर लागतच नाही, हा दुसरा. आणि निरीक्षण संपल्यावर दुर्बीण प्लास्टिकने झाकू नका, हे माझं सांगणं तुम्हाला उलटं वाटलं. आक्षेप विचारपूर्वक घेतलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दुसरा आक्षेप. निरीक्षणासाठी वेधशाळेचं छप्पर सरकवलं की आतली कोरडी हवा थोड्याच वेळात निघून जाते. पुढची सगळी रात्र दुर्बिणीभोवती बाहेरचीच हवा असते. म्हणजे दिवसभर खोली कितीही कोरडी ठेवली, तरी रात्री भिंगाला त्याचा उपयोग नाही. आर्द्रतामापक ८० टक्के दाखवत असताना दव यायलाच नको, असंही तुम्ही म्हणता. हवा २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो, साडेसोळा अंशांच्या आसपास असतो. हवा त्याच्या बरीच वर आहे, हे खरंच. पण भिंग हवेच्या तापमानावर थांबत नाही. स्वच्छ आकाशाकडे तोंड करून असलेली काच आपली उष्णता प्रारणाने सतत वर देत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज खाली जाते. तेवढ्यानेच काम बिघडतं.

म्हणून सर्वांत आधी ड्यू शील्ड, म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर पुढे बसवायची पोकळ नळी, आणि ती भिंगाच्या व्यासाच्या निदान दीडपट लांब. ती काचेला दिसणारं आकाशच कमी करते. न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्यामुळे त्याला हे संरक्षण आपोआप मिळतं. तिथे आधी फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि दुय्यम आरसा धुरकट होतात. तुमच्या २० सेंटीमीटरच्या श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीत मात्र करेक्टर प्लेट, म्हणजे तोंडावरची पातळ काच, अगदी पुढे उघडी असते, त्यामुळे सगळ्यात जास्त त्रास तिलाच.

आता हीटर. पट्टी पूर्ण ताकदीवर रात्रभर चालवली तर प्रतिमा बिघडते, हे तुमचं निरीक्षण मला पूर्ण मान्य आहे. पण तेवढी ताकद लागत नाही. आकाशाकडे उघडा असलेला पृष्ठभाग स्वच्छ रात्री चौरस मीटरमागे फार तर १०० वॅटच्या आसपास उष्णता गमावतो. तुमच्या प्लेटचं क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटरच्या जरा वर भरतं. म्हणजे भरून काढायची तूट सुमारे ३ वॅटची. पट्टीची बरीच उष्णता बाहेरच्या बाजूला वाया जाते म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त द्यावी लागते. पट्टीवर बाहेरून फोमचा थर गुंडाळला तर ती गळतीही कमी होते. काच दवबिंदूच्या एक-दोन अंश वर राहिली की पुरे. वरच्याच उदाहरणात ती १८ अंशांवर ठेवायची आहे आणि हवा आहे २० वर. काच अजूनही हवेपेक्षा थंडच आहे! मग तिच्यावरून गरम हवा उठेल कशी? आर्द्रता ९५ टक्क्यांवर गेली की दवबिंदू हवेच्या अगदी जवळ येतो आणि काच हवेपेक्षा किंचित उबदार ठेवावी लागते, पण तो फरकही अंशभराचाच. म्हणून ताकद कमी-जास्त करणारा कंट्रोलर हवाच, आणि पट्टी दव येण्याआधी सुरू करायची. काच उष्णता फार सावकाश वाहते. कडेची ऊब मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. धुरकट झाल्यावर घाईघाईने ताकद वाढवली, की तुम्ही म्हणता तो थरथराट सुरू होतो.

सिलिका जेलचा हिशेबही करून पाहू. ३ मीटर लांब-रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीत साडेबावीस घनमीटर हवा मावते. २० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला त्या हवेत ३०० ग्रॅमहून अधिक पाण्याची वाफ असते. सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी धरतं. म्हणजे फक्त एकदा हवा कोरडी करायला किलोभर तरी लागणार, आणि सरकत्या छपराच्या फटींतून नवी हवा येतच राहते. काँक्रीटची जमीन खालून ओल ओढत असेल तर ती वेगळीच. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगांच्या) पेटीत किंवा बंद नळीत जेल उत्तम काम करतं, खोलीत नाही. खोलीसाठी जमिनीखाली प्लास्टिकचा थर, पत्र्याच्या छपराला आतून उष्णतारोधक अस्तर आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र. थंड हवामानात काँप्रेसरच्या यंत्राच्या कॉइलवर बर्फ धरतो, तिथे ओल शोषणाऱ्या फिरत्या चाकाचं यंत्र घ्यावं.

प्लास्टिकचं कारणही याच्याशीच जोडलेलं आहे. रात्रभर गार झालेली जड नळी आणि माउंट (दुर्बीण पेलणारा फिरता आधार) सकाळी सावकाश तापतात. ऊन चढलं की जमिनीतली ओल हवेत येते, दवबिंदू वाढतो आणि ती दमट हवा फटींतून आत शिरून थंड धातूवर आणि आरशावर पाणी धरते. छप्पर बंद असतानाच! त्यावर प्लास्टिक घातलेलं असेल तर ते पाणी अडकून पडतं, आणि बुरशीला हेच हवं असतं. काचेवरच्या लेपात ती एकदा रुजली की पुसून जात नाही. म्हणून छप्पर बंद केल्यावर टोपी न लावता हीटर थोडा वेळ चालू ठेवा, काच पूर्ण कोरडी होऊ द्या, मग टोपी आणि वरून हवा खेळती ठेवणारं सुती कापड. कापडाखाली काही वॅटची ऊब दिवसभर राहिली तर धातू हवेपेक्षा थंड राहतच नाही.

एक विनंती. पुढच्या निरभ्र रात्री अंधार पडायच्या आधीच पट्टी एक-तृतीयांश ताकदीवर लावा. दुर्बीण बाहेरच्या तापमानाला आली की एखादा तेजस्वी तारा मोठ्या विशालनात घेऊन फोकस थोडा सोडा. नळीत गरम हवा उठत असेल तर ताऱ्याच्या फुगलेल्या चकतीत ती एका बाजूने सरकताना स्पष्ट दिसते. तशी दिसली, तर पट्टी नळीवर नेमकी कुठे बांधली आहे आणि आर्द्रता किती होती, हे दोन्ही कळवा.