फ्रीमेसन लॉजचं दार कोणासाठी उघडतं? एका फॉरवर्डचा मुद्देसूद प्रतिवाद

फ्रीमेसनरी म्हणजे सदस्यांपुरत्या बंद सभा आणि विधी करणारी एक जुनी संघटना, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलच्या फोटोखाली फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘मुंबईच्या मधोमध अशी एक इमारत आहे जिथे पोलिसांनाही पाऊल ठेवता येत नाही. दारावर नंगी तलवार घेऊन पहारेकरी असतो. बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही, बायकांना तर नाहीच. आत फक्त पारशी आणि गोरे. एक काळा गोळा पडला की माणूस जन्मभरासाठी बाद. पण एकदा कार्ड हातात आलं की जगातल्या कुठल्याही लॉजमध्ये थेट प्रवेश, सोबत पाहुणाही नेता येतो. सदस्यत्वासाठी खालच्या नंबरवर संपर्क करा.’

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी खऱ्या नियमाचं वाकडं झालेलं रूप आहे, आणि म्हणूनच लोकांना ते पटतं. सरळ खोटं असतं तर एव्हाना विरून गेलं असतं.

पोलिसांचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्यात दम नाही. लॉजच्या जागेला कायद्यातून कसलीही सूट नाही. बंद जागेच्या झडतीचं वॉरंट दाखवल्यावर जागेचा ताबा असलेल्यानं आत येऊ दिलंच पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०३ सांगतं. अटक करायचा माणूस आत शिरला असेल तर कलम ४४ लागू होतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमं १०० आणि ४७ होती. अग्निशमन दलाचंही तेच. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली येणाऱ्या इमारतीला दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा ‘नमुना ब’ दाखला द्यावा लागतो. आतल्या विधी कितीही गुप्त असोत, पाण्याचे पंप आणि होजरील तपासले जाणारच.

तलवारधारी पहारेकरी मात्र खरा आहे. त्याला टायलर म्हणतात आणि तो सभागृहाच्या दाराबाहेर असतो. तलवार विधीपुरती. त्याचं रोजचं काम पाहिलं तर बरंच कारकुनी आहे: येणाऱ्याची ओळख पटवणं, हजेरीवहीत नाव, लॉज, लॉजचा क्रमांक आणि पद लिहून सही घेणं, विधीचा एप्रन ज्याच्या त्याच्या पदवीप्रमाणे (संघटनेतल्या तीन पायऱ्यांपैकी तो ज्या पायरीवर असेल तिच्याप्रमाणे) आहे ना ते बघणं. दाराच्या आतल्या बाजूला इनर गार्ड असतो. सभा सुरू झाल्यावर कोणी उशिरा आलं तर टायलर ठरावीक पद्धतीनं दार ठोठावतो, इनर गार्ड आत वर्दी देतो आणि मास्टरनं, म्हणजे लॉजच्या प्रमुखानं, होकार दिल्यावरच दार उघडतं. विधी चालू असेल तर मधली जागा येईपर्यंत बाहेर ताटकळावं लागतं. लोकलनं अर्धा तास घालवला, ही सबब इथे चालत नाही.

आता मुख्य गफलत. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं इमारत आणि सभा एकच धरली आहे. ज्याला ‘टाइल्ड’ म्हणतात ती सभा असते. दार लागल्यापासून लॉज विधिवत बंद होईपर्यंतच्या काळात सदस्य नसलेला कोणीही आत नसतो; सदस्याची बायको, मुलगा, वकील, कोणीही नाही. त्याआधी आणि नंतर तीच खोली चार भिंतींची खोली असते. तिथे झाडलोट होते, वायरमन येतो, खानसामे टेबलं मांडतात. सभेनंतरचं जेवण, म्हणजे फेस्टिव्ह बोर्ड, सहसा सदस्यांपुरतं असतं. पण वर्षातून काही कार्यक्रम कुटुंबीयांसाठी आणि मित्रांसाठी मुद्दाम ठेवलेले असतात. लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये तर सर्वांसाठी विनामूल्य संग्रहालयच आहे. मुंबईत इमारत आतून बघायची असेल तर व्यवस्थापनाला लेखी विचारायचं आणि ज्या वेळी सभा नाही अशी वेळ मागायची. संध्याकाळी सहाच्या सुमाराला दारात जाऊन उभं राहिलं तर नकारच मिळेल, आणि मग त्या नकाराचाच पुढचा फॉरवर्ड होईल.

बायकांबद्दल फॉरवर्ड निम्मा बरोबर आहे. भारताची ग्रँड लॉज (लॉजेसची वरची संस्था) आणि तिच्याशी मान्यतेचे संबंध असलेल्या ग्रँड लॉजेस फक्त पुरुषांना सदस्य करून घेतात, आणि त्यांच्या बंद सभेत स्त्रिया नसतात. हा नियम आवडावा असा आग्रह नाही. पण फ्रीमेसनरीत बायकाच नाहीत हे चूक. स्त्रीपुरुष दोघांना घेणारी ‘ल द्र्वा युमँ’ ही संघटना १८९३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि ॲनी बेझंट यांनी ती भारतात आणली. इंग्लंडमध्ये फक्त स्त्रियांच्या दोन ग्रँड लॉजेस आहेत. सदस्य स्त्रिया आहेत एवढं सोडलं तर त्यांचं कामकाज नियमाला धरून आहे, असं इंग्लंडच्या पुरुषांच्या ग्रँड लॉजनं १९९९ मध्ये जाहीर केलं. तरीही एकमेकांच्या सभेला जाण्याची मुभा नाही, ती दोन्ही बाजूंनी नाही.

‘फक्त पारशी आणि गोरे’ हे वाक्य दीडशे-पावणेदोनशे वर्षं उशिरा आलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतल्या लॉजेसमध्ये भारतीयांना खरोखरच दार बंद होतं. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथे प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानं स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखाली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत निघाली, ती मुळात भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणूनच. तिच्यात पारशी मोठ्या संख्येनं होते, आणि ‘पारशांचं प्रकरण’ ही समजूत बहुधा तिथलीच. हिंदूंच्या बाबतीत वाद आणखी लांबला. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना दीक्षा मिळाली ती १८७२ मध्ये, बऱ्याच झगड्यानंतर. बारा वर्षांनी त्याच लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, दाखल झाले. आजची अट ईश्वर मानण्याची आहे, कोणत्या धर्माचा ईश्वर याची नाही. म्हणून भारतातल्या लॉजमध्ये शपथेसाठी एकापेक्षा जास्त धर्मग्रंथ मांडलेले असतात.

काळ्या गोळ्याचं गणित इतकं सोपं नाही. इच्छुकाला एक सुचवणारा आणि एक अनुमोदक लागतो, दोघे त्याला ओळखणारे. मग भेट, चौकशी, सभेपुढे नाव आणि गोळ्यांनी गुप्त मतदान; काळा गोळा म्हणजे विरोधी मत. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या नियमावलीत तीन काळे गोळे पडले तर नाव बाद होतं. लॉजला आपल्या पोटनियमात हा आकडा दोन किंवा एक असा कडक करता येतो, सैल करता येत नाही. म्हणजे ‘एक गोळा’ काही लॉजेसमध्ये खरा असेल, सगळीकडे नाही. आणि बाद म्हणजे जन्मभर बाद नव्हे; मात्र दुसरीकडे अर्ज करताना आधीचा नकार लपवायचा नसतो. नकारापेक्षा ही लपवाछपवीच माणसाला जास्त महाग पडते. वयाच्या अटीतही सवलतीची वाट असते. मुंबईत जन्मलेला रड्यार्ड किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये गेला तेव्हा त्याला एकविसावं पूर्ण व्हायचं होतं. त्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली.

आता ‘कार्ड दाखवा आणि जगभर फिरा’ हा दावा. सदस्य झालेले लोकही यात फसतात, म्हणून इथे जरा सविस्तर.

भेट देणाऱ्याच्या बाबतीत दारावर तीन गोष्टी तपासल्या जातात आणि तिन्ही वेगवेगळ्या आहेत. पहिली, तुमची ग्रँड लॉज यजमान ग्रँड लॉजला मान्य आहे का. भारताची ग्रँड लॉज १९६१ साली स्थापन झाली. तेव्हा तिच्यात सामील न झालेल्या इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखालच्या लॉजेसही भारतात अजून चालू आहेत. या सगळ्यांचे एकमेकांशी संबंध आहेत, त्यामुळे मुंबईतल्या मुंबईत येणंजाणं सोपं जातं. परदेशात तसं गृहीत धरू नये. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटनं १८७७ मध्ये ईश्वरावरच्या श्रद्धेची अट काढली आणि इंग्लंडनं संबंध तोडले. ते आजही तुटलेलेच आहेत. पॅरिसमध्ये ‘मॅसॉनिक’ पाटी पाहून आत गेलात तर पंचाईत तुमची होते, कारण मान्यता नसलेल्या सभेत बसणं हा तुमच्याच नियमांचा भंग. शिवाय मान्यता साखळीनं पुढे जात नाही. तुमची ग्रँड लॉज ‘अ’ला आणि ‘ब’ला मानते म्हणून ‘अ’ आणि ‘ब’ एकमेकांना मानतीलच असं नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याची वेगळी ग्रँड लॉज असते, त्यामुळे तिथे हा घोळ जास्त होतो.

दुसरी, तुमचं सदस्यत्व चालू आहे का. ग्रँड लॉजचं प्रमाणपत्र तुम्ही तिन्ही पदव्या घेतल्या एवढंच सांगतं; वर्गणी भरली की नाही हे ते सांगत नाही. त्यासाठी चालू वर्षाचं ड्यूज कार्ड (वर्गणी भरल्याचं कार्ड) किंवा लॉजच्या सेक्रेटरीचं पत्र लागतं. राजीनामा देऊन कुठल्याच लॉजचं सदस्यत्व उरलं नाही तर इंग्लंडच्या नियम १२७ प्रमाणे पुन्हा कुठे तरी सदस्य होईपर्यंत एका लॉजला एकदाच भेट देता येते, त्या लॉजचं दार दुसऱ्यांदा उघडत नाही.

तिसरी, कागद तुमचाच आहे का आणि तुम्ही खरोखर सदस्य आहात का. प्रमाणपत्रावर धारकाची सही असते. वहीत पुन्हा सही करायला लावून ती ताडून पाहतात. सही न केलेलं, फ्रेम करून भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र म्हणूनच कुचकामी. आपल्याकडे आणखी एक अडचण येते: प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि वडिलांचं नाव एकावर आहे, दुसऱ्यावर नाही. हे निघण्याआधी सेक्रेटरीकडून पत्रात स्पष्ट करून घ्यावं. उपस्थितांपैकी कोणी तुम्हाला ओळखत असेल तर तो ग्वाही देतो. नसेल तर तोंडी परीक्षा होते. ती काय असते हे इथे लिहायचं कारण नाही, पण तिला वेळ लागतो. म्हणून नव्या ठिकाणी किमान अर्धा तास आधी पोचायचं.

एवढं सगळं जुळलं तरी भेट हा हक्क नाही. तुमच्या येण्यानं सभेचा सलोखा बिघडेल असं मास्टरला वाटलं तर तो नाही म्हणू शकतो. इंग्लंडच्या नियम १२६ मध्ये हे स्पष्ट आहे. सभा वरच्या पदवीत उघडली तर खालच्या पदवीचा पाहुणा बाहेर जातो, मग तो कितीही लांबून आलेला असो.

परदेशी जायचं असेल तर क्रम असा ठेवावा: तारखा ठरल्याबरोबर आपल्या सेक्रेटरीला कळवायचं, त्यानं ग्रँड सेक्रेटरीच्या कार्यालयातून तिकडच्या कार्यालयाला लिहायचं, तिकडून लॉजचं नाव, दिवस आणि पोशाख येऊ द्यायचा. लॉजेस रोज भरत नाहीत, पोटनियमातल्या ठरलेल्या दिवशीच भरतात. गडद सूट, पांढरा शर्ट, पांढरे हातमोजे आणि स्वतःचा एप्रन सोबत असला की बहुतेक ठिकाणी निभावतं. जेवणाचा आकडा आधी द्यावा लागतो, तोही कळवायचा.

‘सोबत पाहुणा’ या शब्दांचा अर्थ जिमखान्यावरून उचललेला दिसतो. जिमखान्यात सदस्य वहीत नाव लिहितो, गेस्ट फी भरतो आणि मित्राला आत नेतो. लॉजच्या बंद सभेत पाहुणा म्हणजे दुसऱ्या लॉजचा सदस्य. सदस्य नसलेल्या मित्रासाठी कितीही फी भरली तरी सोय नाही, आणि मास्टरलाही ती करून देता येत नाही.

या फॉरवर्डला उत्तर देताना काही जण घटनेचं कलम १५ पुढे करतात आणि ‘कोणालाही अडवता येणार नाही’ म्हणतात. तेही टिकणारं नाही. कलम १५(२) दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, सार्वजनिक करमणुकीच्या जागा, विहिरी, रस्ते अशांबद्दल आहे. खासगी मंडळानं कोणाला सदस्य करावं हा कलम १९(१)(ग) चा विषय. दमयंती नारंगा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये म्हटलं की, ज्यांना स्वेच्छेनं घेतलं त्यांच्यासोबतच संघटना चालवण्याचा हक्कही त्यात येतो. हॉल लग्नाला किंवा प्रदर्शनाला भाड्यानं दिला तर तो वेगळा प्रश्न होईल.

राहिला खालचा नंबर. या मजकुराचा खरा उद्देश तोच असावा. मतदान होण्याआधी कोणतीही लॉज यूपीआयवर ‘नोंदणी शुल्क’ मागत नाही, घरबसल्या कार्ड पाठवत नाही, श्रीमंतीची हमी देत नाही. ज्याला तुम्ही भेटलाच नाहीत तो तुमचं नाव सुचवूच शकत नाही. नियमाप्रमाणे त्याला तुमची ओळख असावी लागते. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करायचा आणि व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी, संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. चॅट मात्र डिलीट करू नका, लाज वाटली तरी.