दहा हजारांत स्ट्रीट ट्रायल्स? आधी मागचं चाक बघा

ठाणे-नवी मुंबईच्या सायकल ग्रुपांवर स्ट्रीट ट्रायल्सचा, म्हणजे सायकल घेऊन कट्टे-पायऱ्यांवर उड्या मारत चढण्या-उतरण्याच्या खेळाचा, एक मेसेज फिरतोय. आतापर्यंत तो तुमच्याकडे दोन-तीनदा तरी आला असेल. सांगणं थोडक्यात असं: घरातली जुनी २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) काढा, पुढचं सस्पेन्शन लॉक करा, गिअर उतरवून मागे साधं १८ दाती फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती) बसवा. व्ही-ब्रेकचे, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे, रबर बदला आणि रिम पॉलिश पेपरने खरवडा. डिस्क ब्रेकच हवा असेल तर एमआयडीसीत जाऊन फ्रेमला ब्रॅकेट वेल्ड करून घ्या. ब्रेक ढिला पडला तर मोटारसायकलचं ब्रेक ऑइल भरा. टायरमध्ये हवा २० पीएसआय. झाली दहा हजारांत स्ट्रीट ट्रायल्सची सायकल. त्यासाठी बनवलेल्या फ्रेमवर पैसे घालणं म्हणजे ब्रँडची हौस. खाली डॅनी मॅकॅस्किलचं नाव आणि 'उड्या सायकल मारत नाही, माणूस मारतो' हे वाक्य.

वाशीच्या सागर विहारजवळ, नेरुळ-सीवूड्सच्या सिडकोच्या पायऱ्यांवर, ठाण्यात उपवनच्या कट्ट्यावर पंधरा-सोळा वर्षांची पोरं हा मेसेज वाचून सायकली आणताना मी बघतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो. काटकसरीला माझा विरोध नाही. या मेसेजमधली काटकसर नेमकी तिथे आहे जिथे मागच्या एका चाकावर उभं राहिल्यावर तुमचं सगळं वजन येतं: फ्रेम, चेनची ओढ आणि मागचा ब्रेक.

डॅनीच्या नावापासूनच सुरुवात करू. एप्रिल २००९ मध्ये त्याचा एडिनबरामध्ये चित्रित झालेला व्हिडिओ आला आणि हा खेळ जगभर पोचला. त्यात तो ज्या सायकलवर आहे ती घरातली जुनी एमटीबी नव्हे. इन्स्पायर्ड या ब्रिटिश कंपनीने याच कामासाठी बनवलेली ती २४ इंची सायकल आहे. त्या काळात तो स्वतः सायकलच्या दुकानात मेकॅनिकचं काम करत होता; कुठला भाग किती सोसतो हे त्याच्या हाताला माहीत होतं. कुणी लगेच मार्टिन अ‍ॅश्टनचं उदाहरण देईल, २०१२ मध्ये त्याने कार्बनच्या रेसिंग सायकलवर ट्रायल्स केलं ते. पण अ‍ॅश्टन ब्रिटिश ट्रायल्स चॅम्पियन राहिलेला माणूस. त्या रेसिंग सायकलवर बसण्याआधी कित्येक वर्षं तो ट्रायल्सच्याच सायकलवर शिकला होता. त्याचा व्हिडिओ दाखवून शिकाऊ मुलाला 'कुठलीही सायकल चालते' सांगणं मला बेजबाबदार वाटतं.

आता फ्रेम. साध्या २६ इंची एमटीबीत बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) बसते ती जागा, चाकांच्या अ‍ॅक्सलच्या रेषेच्या तीनेक सेंटिमीटर खाली असते आणि तिथून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर साधारण ४३० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. स्ट्रीट ट्रायल्सच्या फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेट अ‍ॅक्सलच्या रेषेत किंवा थोडं वर येतं आणि मागचं अंतर ३६० ते ३८० च्या आसपास उतरतं. हे पाच-सहा सेंटिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात. पण पुढचं चाक उचलायचं म्हणजे शरीराचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे न्यायचं. मागचा भाग लांब असला की तेच वजन हातांनी ओढावं लागतं, कंबरेने जमत नाही. मुलं महिनोन्महिने खांदे दुखवून घेतात आणि आपल्यात दम नाही असं समजतात. दम असतो. फ्रेम लांब असते.

पुढच्या चिमट्याचं, म्हणजे सस्पेन्शनच्या फोर्कचं, लॉक चढावर पायडल मारताना चिमटा हलू नये एवढ्यासाठी असतं. पायरीवरून पुढच्या चाकावर उतरताना बसणारा धक्का झेलायला ते बनवलेलंच नाही; स्वस्त चिमट्यांत ते अशा धक्क्यांनी खराब होतं आणि मग चिमटा अर्धवट दबतो, अर्धवट अडकतो. शिवाय त्या स्प्रिंगचं वजन पुढे. सस्पेन्शनची साधी स्टीलची एमटीबी सोळा-सतरा किलोंची भरते, स्ट्रीट ट्रायल्सची सायकल दहा-अकरा. साधा, सस्पेन्शन नसलेला स्टीलचा चिमटा लावा. मात्र तो सस्पेन्शनच्या चिमट्याइतका उंच नसेल तर हँडलचं तोंड खाली येईल, हे आधी मोजून घ्या.

गिअरचा मुद्दा सविस्तर सांगायला हवा, कारण मेसेज इथे अर्धवट बरोबर आहे आणि म्हणूनच फसवा आहे. गिअर उतरवणं योग्य. पण पुढे ४४ दाती तसंच ठेवून मागे १८ दाती लावलं तर पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच फेऱ्या फिरतं. रस्त्यावर पळायला ठीक. मागच्या चाकावर उभं राहून अर्ध्या पायडलच्या झटक्यात कट्ट्यावर चढायचं असेल तर हिशेब असा होतो: १७० मिलिमीटरची क्रँक, पायडलवर ६० किलोंचा दाब, तर टायर जमिनीला मागे ढकलतो फक्त साडेबारा किलोंनी. पुढे २४ आणि मागे १६ दात केले, म्हणजे प्रमाण दीड, तर तोच पाय वीस किलोंची ढकल देतो. प्रमाण दीडच्या आसपास हवं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

प्रमाण बदललं की आणखी दोन गोष्टी बदलतात. त्या दुकानातही फारसं कुणी सांगत नाही.

पहिली म्हणजे पायडलची मोकळी चाल. साध्या फ्रीव्हीलच्या आत खटके पकडायच्या जागा वीसच्या आसपास असतात. म्हणजे चाकापाशी १८ अंश फिरेपर्यंत पकड नाही. ४४-१८ वर हे पायडलपाशी २२ मिलिमीटर भरतं, पण २४-१६ केलं की तेच ३६ मिलिमीटर होतं. गिअर हलका केल्यावर रिकामी चाल वाढते! झटका द्यायच्या क्षणी पायाखालचं पायडल साडेतीन सेंटिमीटर हवेत जातं, मग एकदम पकडतं, आणि तोल तिथेच गेलेला असतो. म्हणून ट्रायल्सवाले क्रँकवर बसणारं १०८ पकडींचं फ्रीव्हील वापरतात, नाहीतर ७२ पकडींचा मागचा हब (चाकाचा मधला भाग). दीडच्या प्रमाणात दोन्हींची रिकामी चाल जवळपास सारखीच येते, सुमारे १० मिलिमीटर. क्रँकवरचं फ्रीव्हील घेतलंत तर एक लक्षात ठेवा: सायकल नुसती घरंगळत असतानाही चेन फिरत राहते. बुटाची नाडी आणि पँटचा पायचा सांभाळा, पुढच्या चकतीला गार्ड लावा.

दुसरी गोष्ट चेनवरचा ताण. तोच ६० किलोंचा पाय ४४ दातांवर चेनला ११५ किलोंनी ओढतो, २४ दातांवर २१० ने, पुढे १८ दात असतील तर २८० ने. आणि हा नुसता उभं राहण्याचा हिशेब झाला. उडीच्या झटक्यात तो याच्या पुष्कळ वर जातो. जुन्या गिअरची झिजलेली पातळ चेन इथे वापरायची नाही. झटक्याच्या मधोमध ती तुटली तर छाती हँडलवर आणि तोंड कट्ट्यावर. सिंगल स्पीडची रुंद, नवी चेन घ्या. तिच्या २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच असते. साधी स्टीलची पट्टी लावा, १२ इंचांच्या वर एक सोळांश इंच वाढ दिसली की बदला. आपल्याकडे खाडीची खारट हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे हे मापन ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलू नका.

ब्रेक. ट्रायल्समध्ये मागचा ब्रेक चाक जागच्या जागी धरून ठेवतो, पुढेही नाही आणि मागेही नाही, तेही एका बोटाने. साधा व्ही-ब्रेक घट्ट केला तरी लांब केबल दाबली जाते, फ्रेमचे पाय बाहेर फाकतात आणि चाक इंचभर सरकतं. त्यात स्वस्त सायकलींना क्रोमचं स्टील रिम असेल तर जूनच्या पहिल्या सरीत तो ब्रेक संपला.

रिम खरवडण्याची कल्पना मात्र हवेतली नाही. स्पर्धेतले ट्रायल्सवाले रिमवर ग्राइंडर फिरवतातच. पण त्यांच्याकडे हायड्रॉलिक रिम ब्रेक असतो, जाड भिंतीचं रिम असतं, आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाला की पुन्हा ग्राइंड करून शेवटी ते रिम फेकून देतात. तुमच्या एकेरी भिंतीच्या रिमवर हा प्रयोग केला तर भिंत पातळ होते आणि एक दिवस टायरच्या दाबाने उघडते. पॉलिश पेपरने तर तेवढंही होत नाही, चमक जाते फक्त.

'डिस्क म्हणजे जोरदार' हाही गैरसमज काढून टाका. २६ इंची चाकात रिम ब्रेक केंद्रापासून सुमारे २८० मिलिमीटरवर पकडतो, १६० च्या डिस्कवर पॅड सत्तरेक मिलिमीटरवर. तेवढंच धरून ठेवायला डिस्कच्या पॅडला चौपट जोर लावावा लागतो. केबलवर चालणाऱ्या स्वस्त डिस्क ब्रेकला तो लावता येत नाही. हायड्रॉलिकला येतो. स्ट्रीटमध्ये डिस्क पसंत करतात ते दुसऱ्या कारणांसाठीही: कट्ट्यावर आपटून रिम वाकलं तरी ब्रेक चालू राहतो, आणि मागच्या चाकावर घरंगळताना तो हळुवार सोडता-धरता येतो. नवीन पॅड बसवल्यावर सरळ रस्त्यावर वीस-तीसदा वेग घेऊन दाबत-दाबत थांबा, मगच त्यावर भरवसा ठेवा. आणि चेनला तेलाचा स्प्रे मारताना रोटर (डिस्कची चकती) झाकायचाच.

ब्रॅकेट वेल्ड करण्याच्या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. वागळे इस्टेट काय, रबाळे-महापे काय, आर्गॉन वेल्डिंगचे कसबी कारागीर आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या हातात दोष नाही. दोष धातूत आहे. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम फ्रेमी ६०६१ मिश्रधातूच्या असतात आणि त्यांची ताकद वेल्डिंगनंतरच्या उष्ण प्रक्रियेतून येते. कारखान्यात अख्खी फ्रेम भट्टीत जाते. नंतर कुणी तिच्यावर पुन्हा टॉर्च लावली की शिवणीच्या बाजूचा पट्टा मऊ पडतो, त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते. मग तुम्ही ब्रेकचा सगळा पीळ नेमका त्या मऊ पट्ट्यावर टाकता. कोपरखैरण्याच्या एका मुलाची अशी फ्रेम माझ्याकडे आली होती. वेल्ड शाबूत, देखणं. चीर त्याच्या शेजारी, नळीभोवती अर्धी फिरलेली. अ‍ॅल्युमिनियममध्ये अशी चीर आधी वाकून सूचना देत नाही. स्टीलच्या फ्रेमवर जाणकाराने ब्रॅकेट जोडलं तर ते चालू शकतं, पण तिथेही मागच्या दोन नळ्यांमध्ये आधाराची पट्टी टाकावी लागते.

ऑइलचा सल्ला तर सरळ ब्रेक मारणारा. मोटारसायकलच्या दुकानात मिळतं ते डॉट ३ किंवा डॉट ४. शिमानो आणि मगुराच्या ब्रेकना खनिज तेल लागतं. त्यात डॉट गेलं की आतले रबरी सील फुगतात आणि लिव्हर परत येत नाही. होपच्या बहुतेक ब्रेकना उलट डॉटच लागतं, त्यात खनिज तेल चालत नाही. लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं, ते वाचा.

हवा: २० पीएसआयला ६० किलोंचा मुलगा मागच्या चाकावर कट्ट्याच्या धारेवर उतरला की ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं आणि रिमला पोचा. २.३ इंचांच्या आसपासच्या टायरला मी पुढे ३०, मागे ३५ ते ४० ठेवतो. धारेवर उतरताना रिमचा ठक् आवाज हाताला जाणवला तर दोन पीएसआय वाढवा.

ज्या गोष्टी स्वस्तात खरंच चालतात त्याही सांगतो. सीट कुठलीही, अगदी खाली. ग्रिप साध्या. हँडल स्टीलचं चालेल, फक्त स्टेम (हँडल धरणारा तुकडा) खोबणीत खुपसायचा जुना प्रकार नको, कारण हिसक्याला तो फिरतो. चाकाच्या तारा ३२ किंवा ३६ असाव्यात आणि चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, वेळच्या वेळी काढून घ्यावा. ते काम आपले कोपऱ्यावरचे सायकलवाले उत्तम करतात.

खिशात आज दहाच हजार असतील तर आहे त्या सायकलवर सीट खाली करा, रुंद पायडल लावा आणि सपाट जमिनीवर जागच्या जागी तोल धरणं, दोन्ही ब्रेक दाबून उड्या, बनी हॉप (दोन्ही चाकं उचलणारी उडी) हे शिका. याला कुठलीही सायकल चालते, तेवढ्यापुरता मेसेज खरा. कट्ट्यावर आणि पायऱ्यांवर मात्र चढू नका. तोवर पैसे साठवून डर्ट जंपची वापरलेली फ्रेम शोधा. मागचं अंतर ३९० मिलिमीटरच्या आत, चेन ताणायला आडवी खाच, डिस्कचं ब्रॅकेट कारखान्याचंच. तिच्यावर पहिला खर्च मागचा हायड्रॉलिक ब्रेक, दुसरा हब किंवा फ्रीव्हील, तिसरा चेन. फ्रेम बघायला जाताना टॉर्च आणि फडकं न्या, हँडलच्या खालच्या जोडावरची आणि बॉटम ब्रॅकेटभोवतीची धूळ पुसून रंगातल्या बारीक रेषा शोधा, स्टिकर चिकटवलेला असेल तर काढायला सांगा. विकणारा क्रँक उतरवून बॉटम ब्रॅकेटचे आटे दाखवायला तयार नसेल तर पैसे न देता परत या.