आधी दार, मग वॅट : एका तिखट प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मालक. तुमची प्रतिक्रिया पोचली. तिखट आहे, पण आपण शेंगाचटणीच्या गावचे, एवढ्यानं कुणाला ठसका लागत नाही. आणि मुद्दे कामाचे आहेत, म्हणून खाली चार ओळींत उत्तर न देता सविस्तर लिहितोय.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. व्हॅनमधल्या कंपनीच्या स्टीरिओचा आवाज कमी पैशांत, स्वतःच्या हातानं कसा सुधारायचा यावर मी लिहिलं होतं. माझं म्हणणं होतं की स्टीरिओ आहे तोच ठेवा, पुढच्या दारांतले स्पीकर बदला, दारांच्या पत्र्याला हादरा जिरवणारी चिकट मॅट लावा, आतल्या पत्र्याची भोकं बंद करा. ॲम्प्लिफायर (ॲम्प, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा डबा) आणि सबवूफर (फक्त खोल बास वाजवणारा मोठा स्पीकर) यांचं नंतर बघू. त्यावर सोलापुरातच ॲक्सेसरीजच्या धंद्यात असलेल्या या दादांचं म्हणणं असं : एक, मॅटवर पैसे घालवण्यापेक्षा सोलापुरी चादर टाकली असती तरी चाललं असतं. दोन, 1000 वॅटचा ॲम्प चार हजारांत मिळत असताना दार कसलं चिकटवत बसताय. तीन, लोकांना वायरी जोडायला शिकवून गाड्या पेटवाल. आणि चौथं, फिटिंगवाल्यांच्या पोटावर पाय आणताय.

चादरीपासूनच सुरू करतो, कारण तो टोमणा असला तरी अर्धा खरा आहे.

आमच्या व्हॅनमध्ये आठवडाभर टॉवेलचे गठ्ठे असतात. एमआयडीसीतून माल भरून निघालो की गाणं छान, मऊ ऐकू येतं. माल उतरवून रिकामी गाडी परत आणताना तेच गाणं, त्याच आवाजावर, कानाला टोचतं. कापड वरच्या पट्टीचा आवाज शोषून घेतं. उघडा पत्रा आणि काचा तो परत फेकतात. त्यामुळे मागच्या उघड्या पत्र्यावर जाड चादर किंवा फेल्ट लावलंत तर कलकलाट नक्की कमी होईल. तेवढ्यापुरती तुमची चादर मान्य.

पण दाराचं दुखणं वेगळं आहे. तिथं पत्रा स्वतःच वाजतो. स्पीकरच्या हादऱ्यानं पातळ पत्रा थरथरतो आणि आपला वेगळा सूर काढतो. चादर त्याला थांबवू शकत नाही, कारण ती पत्र्याला चिकटून त्याचा हादरा जिरवत नाही. ब्यूटिल मॅट ते करते : खाली चिकट रबरासारखा थर, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा. पत्रा वाकायला लागला की मधला थर ताणला जातो आणि हादऱ्याची ताकद तिथंच उष्णता होऊन संपते. करून बघायचं असेल तर दाराचं कव्हर काढा आणि बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करा. मॅट लावण्याआधी 'टण्ण' येतं आणि रेंगाळतं. वहीच्या पानाएवढे दोन-तीन तुकडे मधोमध चिकटवा, पुन्हा वाजवा. 'ठप्'. सगळं दार मढवायची गरज नसते. सपाट भागाचा चौथा हिस्सा झाकला तरी बहुतेक काम होतं. पूर्ण गाडीचा मॅटचा पॅक घ्या म्हणून जो आग्रह होतो, तो व्हॅनसाठी मला पटत नाही.

इथं दोन गोष्टी खास आपल्या हवेसाठी. स्वस्तात पडते म्हणून गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबरी पट्टी दारात लावू नका. मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. डांबर मऊ होऊन घसरतं आणि गाडीभर वास सुटतो. दुसरं, परदेशी व्हिडिओंत मॅट चिकटवायला हीट गन लागते असं दाखवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात नेमकं उलटं. दुपारी काम काढलंत तर मॅट टेकता क्षणी अशी बसते की सरकवायची सोय राहत नाही. सकाळी लवकर, सावलीत करा. आधी पत्रा थिनरनं पुसून धूळ काढा, आणि लाकडी लाटणं नको, छोटा रोलर वापरा. (लाटणं नको हे घरच्या मंडळींच्या वतीनं.)

मॅटपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे दाराच्या आतल्या पत्र्याची भोकं. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची पातळ होते. म्हणजे मागून निघणारा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो. हाताचा पंजा जाईल एवढी भोकं उघडी असतील तर तो मागचा आवाज फिरून पुढे येतो आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. याचा सगळ्यात जास्त फटका खालच्या सुरांना बसतो. 'नवीन स्पीकर टाकले तरी बास नाही' ही तक्रार घेऊन तुमच्याकडेही लोक येत असतील. त्यातल्या बऱ्याच जणांचे स्पीकर चांगलेच असतात, भोकं उघडी असतात. ती बंद करायला प्लास्टिकचा पातळ पत्रा कापून स्क्रूनं बसवा आणि वरून मॅट ओढा. काच वर-खाली करणाऱ्या यंत्राला कुठं अडत नाही ना ते बघा. दाराच्या अगदी तळाशी पाणी जायला फटी असतात, त्यांना हात लावू नका. त्या बुजल्या तर पाणी आत साचून दार गंजेल. स्पीकरखालची रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या बोर्डाची) नको. पाणी लागलं की ती फुगते. प्लास्टिकची किंवा पीव्हीसी बोर्डाची घ्या.

आता वॅट. मालक, तुम्ही धंद्यातले, म्हणजे हे गणित तुम्हाला माहीत असणारच, तरी वाचकांसाठी लिहितो.

गाडी चालू असताना वायरीत साधारण 14.4 व्होल्ट असतात. स्टीरिओच्या आतली चिप तेवढ्या व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त किती देऊ शकते? 14.4 चा वर्ग 207, भागिले 8 (4 ओहमची दुप्पट), म्हणजे 26 वॅट. हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात हातात 18-20 पडतात. मग खोक्यावरचं '50x4' येतं कुठून? आवाज पार फाटेपर्यंत नेऊन मोजलं की. कंपनीचा असो की बाहेरचा, वेगळा ॲम्प न जोडलेल्या स्टीरिओची ही मर्यादा आहे आणि अशी साधी चिप वापरणारा कुठलाही ब्रँड ती ओलांडत नाही.

तुमच्या 1000 वॅटवाल्या ॲम्पचंही तेच. खोकं वाचायचं नाही, फ्यूज बघायचा. समजा फ्यूज 30 ॲम्पिअरचा आहे. 14.4 गुणिले 30, म्हणजे 432 वॅट. आत जाणारीच ताकद एवढी, आणि त्यातली 'एबी क्लास' या साध्या प्रकारच्या ॲम्पमध्ये निम्म्याच्या आसपास उष्णता होऊन जाते. उरले सव्वादोनशे, तेही चार चॅनलमध्ये, म्हणजे चार स्पीकरांत, वाटायचे. मग 1000 कुठल्या हिशेबानं? 'डी क्लास' प्रकारचा असेल तर उष्णतेत कमी जातं, पण आत गेलंय त्यापेक्षा जास्त बाहेर कसं येणार?

आणि ताकद दुप्पट केली की आवाज किती वाढतो? 3 डेसिबल. कानाला 'थोडा वाढला' एवढंच कळतं. दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा स्पीकर घेताना सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठा वाजतो त्याचा, आकडा बघा. 86 ऐवजी 92 डेसिबलचा स्पीकर घेतला तर त्याच स्टीरिओवर चौपट ताकद दिल्यासारखा फरक पडतो, वायरीला हात न लावता. माझा सगळा खर्च दहा हजारांच्या आत बसला तो याच कारणानं. पैसे वॅटवर न घालता दारावर आणि पुढच्या दोन स्पीकरवर घातले. मागचे स्पीकर मी बदललेच नाहीत. सरकत्या दारात वायर नेणं हीच कटकट, आणि मागच्या बाकावर बसणाऱ्यांना गप्पा मारायच्या असतात.

तुमची खरी तक्रार मला वाटतं, एवढ्यात 'मजा' येत नाही, ही आहे. गड्ड्याच्या जत्रेत किंवा मिरवणुकीत छाती धडधडते तसं पाहिजे असेल तर दारातले साडेसहा इंची स्पीकर ते देणार नाहीत. 40 हर्ट्झसाठी लागणारी हवा एवढ्या लहान पडद्याला हलवता येत नाही, मग कितीही वॅट द्या. त्याला सबवूफरच लागतो. पण व्हॅनमध्ये तो कुठं ठेवणार? कारवाले पुढच्या सीटखाली चपटा सब सरकवतात. आपल्या ओम्नी-ईकोत पुढच्या सीटांखाली इंजिन आहे! म्हणजे जागा मागेच, आणि मागची जागा माझ्या मालाची. म्हणून मी सब टाकला नाही. ज्याची व्हॅन नुसती घरच्यांना घेऊन तुळजापूर-अक्कलकोटला जाते त्यानं शेवटच्या सीटमागे जरूर टाकावा.

माझी स्वतःची कसोटी वेगळी आहे. आई बरोबर असली की तुळजापूरच्या रस्त्यावर देवीच्या गोंधळाची गाणी लागतातच. संबळाची दोन भांडी असतात, एक उंच स्वराचं, एक घुमणारं. कंपनीच्या स्पीकरवर दोन्ही एकच खडखड वाटायची. दारांचं काम झाल्यावर कुठलं कुठं पडतंय ते वेगळं कळायला लागलं. मला एवढं पुरतं.

सब नसताना एक छोटी गोष्ट मात्र करा. दारातल्या स्पीकरला जो खोल बास झेपत नाही तो त्याच्याकडे पाठवूच नका. स्टीरिओत हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारी सोय) असेल तर 80 हर्ट्झच्या आसपास लावा. नसेल तर प्रत्येक स्पीकरच्या वायरीत 470 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर टाका; 4 ओहमला तो 85 हर्ट्झच्या जवळपास काम करतो. आवाज वाढवला तरी स्पीकर भरडत नाही. बासचं बटण पूर्ण फिरवून 'स्पीकर फाटला' म्हणणाऱ्यांची गर्दी तुमच्या दुकानातही असेल.

आता वायरी. इथं मी तुमच्या बाजूनं आहे, पण पूर्ण नाही.

स्पीकर बदलणं आणि बॅटरीवरून लाइन ओढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं घरी होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, कंपनीची वायर कापायची नाही, बाजारात मिळणारं कपलर (वायरी न कापता जोडणारा प्लग) मधे लावायचं. म्हणजे उद्या जुने स्पीकर परत बसवता येतात आणि वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरवाला कापलेली वायर दाखवून हात वर करत नाही. पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, तिकडे फिरकायचं नाही. जोड क्रिंप करा (पकडीनं दाबून बसवा) किंवा डाग देऊन वर हीट-श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा. काळी टेप नको, आपल्या उन्हात तिचा गोंद पाघळतो आणि टेप सुटून वायर उघडी पडते.

प्लस-मायनस कळत नसेल तर घड्याळाचा पेन्सिल सेल घ्या. स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. पडदा बाहेर उडी मारतो त्या वेळी सेलचा प्लस ज्या टोकाला, ते टोक प्लस. दोन्ही दारं तपासा. एक उलटं लागलं तर काही जळत नाही, पण बास गायब होतो आणि माणूस स्पीकरला दोष देत बसतो.

ॲम्पची पॉवर लाइन मात्र दुकानातच करून घ्या, हे मी आज ठळकपणे सांगतो. बॅटरीपासून निघालेल्या जाड वायरीला मधे फ्यूज नसेल आणि ती पत्र्याच्या कडेला घासून सोलली, तर बॅटरी सगळी ताकद त्या एका ठिकाणी ओतते. गाड्या पेटतात त्या अशा. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, पत्र्यातून जाताना रबरी बुश हवा, आणि वायर खऱ्या तांब्याची हवी. ब्लेडनं तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. तसली वायर वापरायची तर एक माप जाड घ्यावी लागते. पण गिऱ्हाइकाला हे सांगणारे फिटर किती, ते तुम्हीच सांगा. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत एका दुकानानं बिनफ्यूजची लाइन ओढून दिली होती, वर सीटखाली नुसती टेप गुंडाळलेली. तेव्हा 'घरी केलं की आग, दुकानात केलं की सुरक्षित' एवढं सरळ ते नाही.

आणि दुकानात ॲम्प बसवून घेताना गेनचा स्क्रू (स्टीरिओचा सिग्नल ॲम्पनं किती वाढवायचा ते ठरवणारा) कुणाला आवाजाच्या बटणासारखा फिरवू देऊ नका. समजा ॲम्प एका स्पीकरला 50 वॅट देणारा आहे, तर 4 ओहमला ते 14.1 व्होल्ट होतात (50 गुणिले 4 चं वर्गमूळ). स्पीकर सोडवून, स्टीरिओ पाऊण आवाजावर ठेवून, टेस्ट टोन (एकच सूर सलग वाजवणारी फाइल) लावून मल्टिमीटरवर तेवढे व्होल्ट दिसेपर्यंतच गेन वाढवायचा.

राहिला पोटाचा प्रश्न. मालक, ज्याच्याकडे दहा हजारच आहेत तो तुमच्याकडे चाळीस हजारांचा सेट घ्यायला येणारच नव्हता. पण दार घरी केलेला माणूस उद्या ॲम्प नाहीतर सब बसवायला येतो, तेव्हा त्याला फक्त फिटिंग हवी असते. आणि नवी पेठेपासून विजापूर रोडपर्यंत विचारून बघा, 'सामान आमच्याकडून घेतलं तरच हात लावू' असंच ऐकू येतं. तुम्ही नुसत्या फिटिंगचं काम घेत असाल तर दर खाली लिहा : ॲम्पची लाइन ओढण्याचे किती, दोन दारांचे किती, मॅट आमची असेल तर किती. लेखात सगळ्यात वर टाकतो, आणि बाहेरून आणलेल्या मालाची जबाबदारी गिऱ्हाइकाची, हेही सोबत लिहितो.