काळोखात कसला दाखवता वारसा?

पर्यटकांच्या जहाजाने दुपारी मुंबईहून सुटायचं, सकाळी गोव्यात उतरायचं, आणि जाहिरातीत काय तर 'कोकणचा सागरी वारसा'! खांदेरीचा किल्ला मागे पडतो न पडतो तोच दिवेलागण. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग सगळे रात्रीत जातात. हे चारही २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेत हो!

कुणी थांबा ठेवलाच, तर तो घड्याळ बघून. बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, मोठं जहाज आत येत नाही. बाहेर नांगर टाकून होड्यांतून माणसं आणायची, तर पाणी कधी आहे ते नको बघायला? जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, तिथीला पाऊणने गुणतात. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे साधारण सहाला भरती, बाराला सुकती (ओहोटी). रोज पाऊण तास पुढे. इतकं सोपं आहे! तरी दर फेरीला छापील वेळ तीच, दुपारी बारा. मग होडी वाळूत रुतणार, माणसं ताटकळणार आणि किल्ल्यात जेमतेम वीस मिनिटं.

सिंधुदुर्गाला निदान तीन तास द्या. १६६४ ला सुरू केलेलं बांधकाम आहे ते, नुसती तटावरून फेरी मारायची तरी तास जातो.