चित्रपट साय-फाय आहे का? वाद घालणाऱ्यांसाठी काही सूचना

एखादा चित्रपट साय-फाय आहे की नाही, या वादात उतरायचं असेल तर व्याख्या आधी करू नका. आधी चित्रपट आवडला की नाही ते ठरवा, व्याख्या मग त्या मापाने बेता. नवखे इथेच आपटतात. ‘विज्ञान असेल तो साय-फाय’ असं बोलून बसतात आणि लगेच कुणीतरी ‘अपोलो 13’ काढतं. विज्ञान ठासून भरलेलं, पण घटना 1970 साली खरीच घडलेली. मग ते ‘भविष्यात घडतो तो’वर घसरतात. ‘स्टार वॉर्स’ची गोष्ट फार फार पूर्वीची आहे, हे सुरुवातीलाच पडद्यावर लिहिलेलं असतं. तीही व्याख्या गेली.

म्हणून मुरलेला वादपटू दोन व्याख्या जवळ बाळगतो. कडक व्याख्या नावडत्या चित्रपटासाठी, सैल आवडत्यासाठी. दोन्ही एका वाक्यात आणू नयेत, एवढंच पथ्य.

कडक व्याख्येचा सराव ‘मिस्टर इंडिया’वर (1987) करावा. अदृश्य माणसाच्या डोळ्यांतूनही प्रकाश आरपार जाणार, नेत्रपटलावर काहीच उमटणार नाही, म्हणजे नायक ठार आंधळा. लाल उजेडात तो का दिसतो, हे वर विचारा. समोरचा गप्प होतो. मात्र हीच चाळणी प्रकाशापेक्षा वेगाने पळणाऱ्या यानांना लावायची नाही. तिथे सैल व्याख्या: ‘अहो, कल्पनेला थोडी मोकळीक नको का?’ ‘स्टार वॉर्स’वाल्यांनी 1999 मध्ये फोर्सला (त्या गोष्टीतल्या गूढ शक्तीला) विज्ञानाचा आधार द्यायचं मनावर घेतलं आणि ती रक्ततपासणीत मोजण्याची सोय केली. त्यावर सर्वांत जास्त चिडले ते चाहतेच. विज्ञान फार जवळ आलं की असं होतं.

मंत्राचा प्रश्न नाजूक आहे, तिथे तयारीनिशी जा. ‘झपाटलेला’मध्ये (1993) तात्या विंचू मृत्युंजय मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, ही फँटसी, यात वाद नाही. ‘अवतार’मध्ये (2009) एका पवित्र झाडाखाली सगळी जमात बसून, डोलत, सामूहिक पठण करते आणि नायक एका देहातून दुसऱ्यात कायमचा जातो, हा साय-फाय, यातही वाद नाही. कुणी फरक विचारलाच तर सांगा, की त्या झाडांच्या मुळांमध्ये विद्युत-रासायनिक जाळं आहे, तसं एक शास्त्रज्ञ बाई चित्रपटात आधीच सांगून ठेवतात. तात्याला मंत्र देणाऱ्या बाबा चमत्कारने असं एखादं वाक्य टाकलं असतं तर तात्याचं वर्गीकरण बदललं असतं.

तासभर पुरेल असा वाद हवा असेल तर ‘ग्रॅव्हिटी’ (2013) घ्या. परग्रहवासी नाहीत, यंत्रमानव नाहीत, नवा शोध नाही. जे दिसतं ते सगळं साधारण आजचंच. मग यात कल्पित विज्ञान कुठलं? तर चुकलेलं. हबल ही अंतराळ दुर्बीण तेव्हा साधारण 550 किलोमीटरवर, विषुववृत्ताशी 28.5 अंश कललेल्या कक्षेत; अंतराळ स्थानक 400 किलोमीटरवर, कल 51.6 अंश. दोन्ही सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास पळतात. नुसता कक्षेचा कल बदलायलाच किमान सेकंदाला 3 किलोमीटर इतका वेगबदल लागतो. नासाचं पाठीला बांधायचं यंत्र सगळं इंधन संपवून सेकंदाला 25 मीटरच्या आसपास देत असे. पडद्यावर मंडळी तेवढ्यावर हबलपासून स्थानक गाठतात. शिवाय ती ज्यातून आलेली असतात ते नासाचं शटल यान 2011 मध्येच निवृत्त झालेलं. तेव्हा ठासून सांगा: आकडे बरोबर असते तर हा साधा अपघातपट ठरला असता, चुकल्यामुळे साय-फाय झाला. हा मुद्दा खोडणं अवघड आहे, कारण मग ‘चूक म्हणजे कल्पना नव्हे’ हे कडक व्याख्येतच मान्य करावं लागतं, आणि समोरच्याची आवडती निम्मी यादी त्यात वाहून जाते.

पुरस्कारांचा दाखला देताना जपून. ‘ग्रॅव्हिटी’ला ह्यूगो (साय-फाय आणि फँटसीसाठीचा पुरस्कार) मिळाला म्हणून कुणी विजय घोषित केला, तर 1970 चा ह्यूगो काढा. नाट्यमय सादरीकरणाचा त्या वर्षीचा मान अपोलो 11 च्या टीव्ही बातम्यांना गेला होता. त्या बातम्यांना साय-फाय म्हणणारे लोकही आहेत, पण ते चंद्रावर माणूस गेलाच नाही म्हणणारे. त्यांना वादात घेऊ नये. आणि ‘द मार्शियन’ला गोल्डन ग्लोब मिळाला तो संगीतपट किंवा विनोदी चित्रपट या गटात. मंगळावर एकटाच अडकलेला माणूस बटाटे लावतो, हे बहुधा प्रहसनच असावं.

खरा धोका शांत माणसाकडून असतो. तो म्हणतो, ‘त्यातली वैज्ञानिक कल्पना काढून बघू, गोष्ट उरते का?’ ‘एलियन’मधलं (1979) यान काढून माळावरचा वाडा ठेवा, पळापळ तीच राहते. (प्राण्याला जिवंत आणायचा कंपनीचा छुपा हुकूम आणि तो पाळणारा यंत्रमानव वाड्यात कुठे बसवायचा, हे त्याला सुचण्याआधी विषय बदला.) मग तो ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ (2004) काढतो. आठवणी पुसणारं यंत्र वगळलं तर तिथे गोष्टच राहत नाही; म्हणजे सगळे ज्याला प्रेमकथा समजतात तो चित्रपट अस्सल साय-फाय निघतो, आणि तुमची स्फोट-लेझरवाली यादी बाहेर राहते.

ही कसोटी सगळ्यांना सारखीच लागू झाली तर वाद अर्ध्या तासात मिटेल. तसं होऊ देऊ नका. स्पायडरमॅनला चावलेला कोळी किरणोत्सारी होता की जनुकबदल केलेला, एवढंच विचारा. 1962 च्या कॉमिकमध्ये एक उत्तर आहे, 2002 च्या चित्रपटात दुसरं. पहाटेपर्यंत तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.